पाच नंबरचं ऋण

वजा ही क्रिया आहे आणि ऋण ही संख्या आहे. हा फरक मी गेली कित्येक वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात पोरांच्या डोक्यात घालते आहे, आणि पोरं गेली कित्येक वर्षं ‘मायनस फाइव्ह’च म्हणताहेत. आठातून तीन काढले तर ते वजा करणं. पारा शून्याच्या खाली पाच अंश उतरला तर ते ऋण पाच. आमच्या शाळेतल्या बाई ‘वजा पाच’ लिहिलेलं दिसलं की वहीवर लाल रेघ मारायच्या, ती रेघ माझ्या डोक्यातून काही गेली नाही. नवरा म्हणतो, तुझा हा हट्ट एक दिवस अंगाशी येईल. तसा तो आलाच, पण माझ्या नाही, नववीतल्या एका पोरीच्या. तोही फुटबॉलच्या मैदानावर.

फुटबॉल आमच्या घरात मुलीमुळे शिरला. नाशिकमध्ये मुलगी फुटबॉल खेळते असं सांगितलं की समोरचा आधी ‘अरे वा’ म्हणतो आणि लगेच विचारतो, क्रिकेट का नाही? या प्रश्नाचा मला इतका वीट आला होता की ‘बॅट फार महाग पडते हो’ असं सांगून मी मोकळी व्हायचे. मुलगी गोलकीपर. म्हणजे बाकीच्या दहा जणी धावणार, ही उभी राहणार, आणि गोल झाला की सगळं मैदान हिच्याकडे बघणार. हिच्या टीशर्टावर एक नंबर. हिच्या बरोबर पुढे स्टॉपर म्हणून खेळायची ती पाच नंबरची पोर. समोरच्या टीमची फॉरवर्ड चेंडू घेऊन गोलकडे निघाली की तिला आडवं जायचं, हे स्टॉपरचं काम. गोल करायचं काम तिचं नाही, त्यामुळे टाळ्याही तिच्या वाट्याला येत नाहीत.

पाच नंबर दिंडोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातून एसटीने यायची. घरची द्राक्षबाग, खाऊनपिऊन सुखी घर. पोर अबोल. बाकीच्या मुली मैदानात ‘काकू, काकू’ करत माझ्या डब्यावर तुटून पडायच्या, ही लांब बसून बुटांच्या नाड्या सोडायची. फार तर ‘काकू, पाणी हाय का?’ एवढं विचारायची. बाटली परत देताना झाकण घट्ट लावून द्यायची, हे माझ्या लक्षात राहिलंय, कारण माझी स्वतःची मुलगी ते कधीच लावत नाही.

टीमचे सर लष्करातून निवृत्त झालेले, राहायला देवळालीकडे. माणूस सरळ, आवाज मोठा. त्यांचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी आणि उरलेलं शिट्टीत. एका रविवारी सकाळी ते हातात फोन घेऊन माझ्याकडे आले.

“मॅडम, तुमचा सब्जेक्ट स्टॅटिस्टिक्स ना?”

“हो.”

“हे बघा. बाहेरच्या देशात एकेका प्लेयरचा नंबर काढतात. तो खेळला म्हणून टीमला किती फायदा, किती नुकसान. आपण पण काढू. एकदम सिंपल है.”

सिंपल आहे असं ज्या माणसाला वाटतं त्याने माझ्याकडे येऊच नये, असं मला आतून वाटलं. मी त्यांना सांगितलं की बाबा, क्रिकेटमध्ये एक जण टाकतो, एक जण मारतो, हिशेब सोपा. इथे अकरा जणी एकदम धावतात आणि अख्ख्या मॅचमध्ये गोल होतात दोन नाहीतर तीन. कधी एकही नाही. त्या गोलाचं श्रेय कुणाला द्यायचं आणि खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं?

“ते तुम्ही बघा,” सर म्हणाले. “मला फक्त आकडा द्या. कोल्हापूरच्या टूर्नामेंटसाठी टीम निवडायची आहे. दरवर्षी पालक माझ्या डोक्यावर बसतात. माझी मुलगी का नाही, तिची का घेतली. आकडा असला की मी आकडा दाखवणार.”

म्हणजे त्यांना गणित नको होतं, ढाल हवी होती. मला तेव्हा ते कळलं, तरी मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आवडलं. इतकी वर्षं मध्यक आणि बहुलक शिकवतेय, पण कुणी मैदानातून उठून माझ्याकडे ‘आकडा द्या’ म्हणून आलं नव्हतं.

आम्ही सगळ्यात साधी पद्धत घेतली. आपला गोल झाला की त्या वेळी मैदानात असलेल्या प्रत्येकीला धन एक. आपल्यावर गोल झाला की त्या वेळी मैदानात असलेल्या प्रत्येकीला ऋण एक. सगळ्या मॅचची बेरीज करायची. जिची बेरीज धन ती टीमला वर नेते, जिची ऋण ती खाली ओढते. असं आपलं म्हणायचं. या पद्धतीत ढीगभर भोकं आहेत हे मला माहीत होतं. चांगल्या मुलींच्या सोबतीने खेळणारी फुकटात वर चढते, हे तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण मॅच पुष्कळ असल्या की असली भोकं थोडीफार बुजतात, असं मी मनाला समजावलं.

रविवार सकाळच्या मॅच मी स्वतः बघायचे आणि फोनवर भरत जायचे. मधल्या वारी संध्याकाळी ज्या मॅच व्हायच्या तेव्हा मला कॉलेजात प्रॅक्टिकल असायचं. त्यांचा तपशील सर एका कागदावर लिहून फोटो पाठवायचे. अक्षर असं की औषधाच्या दुकानदारानेही हात टेकावेत. कोण आत आली, कोण बाहेर गेली, गोल कधी झाला. त्यात दर संध्याकाळच्या मॅचला एक ओळ ठरलेली असायची: पाच, हाफ टाइम, बाहेर. मी समजले की सर तिला बाहेर काढतात. पहिल्या अर्ध्यात काही जमलं नाही, काढली बाहेर. कोच आणखी कशाला काढेल?

तक्ता तयार झाला. मुलींची नावं घातली नाहीत, फक्त टीशर्टाचे नंबर, म्हणजे उगाच कुणाला वाईट वाटायला नको. दोन रकाने, धन आणि ऋण. मुलीने तो माझ्या खांद्यावरून वाचला.

“आई, प्लस-मायनस लिही ना. हे काय पुराणातलं लिहिलंयस?”

“मराठी आहे ते.”

“कुणाला कळणार आहे?”

“ज्याला शाळेत लक्ष होतं त्याला कळेल,” मी म्हटलं आणि तक्ता पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून दिला.

टीमचा हंगाम बरा चालला होता, त्यामुळे जवळजवळ सगळ्या जणी धन रकान्यात होत्या. ऋण रकान्यात एकच नंबर होता. पाच. मुलगी फोनवर तक्ता वरखाली सरकवत म्हणाली, “तुझं काहीतरी चुकलंय.”

“कुठे ते दाखव.”

“कुठे ते मला नाही माहीत. पण चुकलंय.”

हे वाक्य मी परीक्षेच्या पेपर तपासणीनंतर इतक्या वेळा ऐकलंय की माझं डोकंच फिरलं. आकडा आवडला नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही, असं मी तिला जरा चढ्या आवाजात ऐकवलं. ती उठून आत गेली.

सर मात्र खूश. त्यांनी फोन केला. “मला वाटतच होतं, मॅडम. मोठी टीम समोर आली आणि ती पोर आत असली की आपण मार खातो. मनात होतं, तुम्ही कागदावर आणलं.” कोल्हापूरला पाठवायच्या यादीत तिच्या जागी दुसरीला घ्यायचं त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. नावं पुढच्या आठवड्यात गुरुवारी कळवायची होती.

पुढच्या रविवारी सकाळी मॅच संपली आणि मैदानाच्या कडेला एक पिकअप येऊन थांबला. त्यातून पाच नंबरचे वडील उतरले. मी त्यांना तोवर कधी बघितलं नव्हतं. ग्रुपवर होते, पण कधी अंगठासुद्धा दाखवला नव्हता. धुतलेला पांढरा शर्ट, पायात चपला, आणि दोन्ही हातांत द्राक्षांचा एक भरलेला क्रेट. तो त्यांनी सरांच्या पायाशी ठेवला, दुसरा आणायला परत गेले. मुली गोळा झाल्या.

“धुवून खा गं पोरींनो,” ते म्हणाले, “फवारणी हाय त्याच्यावर.” मग माझ्याकडे वळले. “मॅडम, तो तक्ता तुम्हीच लिहिला ना?”

“हो, मीच.”

“लय मोठं लिहिलं तुम्ही.” ते हात जोडूनच बोलत होते. “मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या आईला दोनदा वाचून दाखवलं. पाच नंबर, ऋण. अहो, एवढं कशाला लिहायचं? पोर खेळायला आली, तिनं तिचं काम केलं. त्याचं तुम्ही टीमनं एवढं ऋण मानलं. आणि बाकी कोणापुढंच नाय लिहिलं, फक्त हिच्यापुढं. बाकीच्यांना काय ते धन-बिन लिहिलंय, ते काय आपल्याला समजलं नाय. पण हे समजलं.”

मुलींना गणित येत होतं. त्यांच्यातल्या निम्म्या जणी नववीत, बीजगणित आत्ताच चालू. एकीने हातातली द्राक्षं तोंडात टाकली आणि चावायचीच विसरली. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे बघितलं. मग सरांनी खाली वाकून एक मणी तोडला आणि न धुताच खाल्ला.

वडिलांना काय, ते मोकळेपणी बोलत होते. “आता हिच्या आईचं तोंड बंद झालं बघा. ती म्हणत होती, पुढच्या साली दहावी हाय, रोजचं एवढं लांब जाणं-येणं बास करा. मी म्हटलं, कोल्हापूरच्या टीममध्ये नाव आलं तर चालू ठेवायचं, नाय आलं तर बंद. माझा शब्द हाय तसा. पण आता तुम्ही एवढं ऋण मानलंय म्हटल्यावर नाव तर येणारच की.”

मी पोरीकडे बघितलं. ती खाली बसून नाड्या बांधत होती. मॅच संपली होती, बूट काढायची वेळ होती, आणि ती बांधत होती. मान वर केली नाही. तिला कळलेलं होतं. तक्ता आला त्या दिवसापासून कळलेलं होतं, आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवला जात असताना ती तिथेच असणार. आजीला दोनदा वाचून दाखवला तेव्हाही. तिने बापाला सांगितलं नव्हतं.

“पप्पा, चला,” ती उठून एवढंच म्हणाली, “गाडी रस्त्यातच लावलीय तुम्ही.”

मला रडूबिडू काही आलं नाही, राग आला. आधी सरांचा आला, ढाल हवी होती म्हणून. मग त्या भल्या माणसाचा आला, की अहो, साधं प्लस-मायनस कळत नाही का? आणि घरी पोचेपर्यंत माझा मलाच आला. ‘वजा’ लिहिलं असतं तर त्यांना चटकन कळलं असतं. लाल रेघेच्या भीतीने ‘ऋण’ लिहिलं मी. माझ्या शुद्ध मराठीने त्या माणसाला दोन क्रेट द्राक्षं उचलायला लावली.

गाडीत मुलगी हातमोज्यांची माती खरवडत होती. सिग्नलला म्हणाली, “तू सांगणार आहेस त्यांना?”

“काय सांगू?”

“खरं.”

“खरं काय आहे ते आधी मला बघू दे,” मी म्हटलं. पहिल्यांदाच माझ्या तोंडून हे निघालं, आणि मुलीने माझ्याकडे वळून बघितलं.

मंगळवारी मी रजा टाकली. संध्याकाळची मॅच होती, शहरातल्याच एका शाळेच्या टीमशी. टीम अगदी कच्ची, त्यांच्या दोन मुली तर चेंडू आला की बाजूला होत होत्या. मी कडेला खुर्ची टाकून बसले. आणि मुद्दाम गोलकडे बघायचं सोडून फक्त पाच नंबरकडे बघत राहिले. सांगते काय झालं: काहीच झालं नाही. ती पोर कुठे उडी मारत नव्हती, घसरत नव्हती, ओरडत नव्हती. चेंडू जिकडे येणार तिकडे ती आधीच जाऊन उभी असायची. समोरची फॉरवर्ड यायची, हिला बघायची आणि दुसरीकडे वळायची. बघणाऱ्याला वाटावं की पोर नुसती उभी आहे.

हाफ टाइमची शिट्टी झाली. मुली पाण्याकडे धावल्या. पाच नंबर मात्र तिच्या बॅगेकडे धावली. चड्डीवर ट्रॅकपँट चढवली, बूट तसेच पायात, बॅग खांद्याला आणि रस्त्याकडे पळत सुटली. कुणीतरी मागून ओरडलं, “पळ, गाडी चुकेल.” सर कागदावर वाकून लिहीत होते. मला लांबूनही कळलं ते काय लिहिताहेत. पाच, हाफ टाइम, बाहेर.

“कुठे गेली ती?” मी मुलीला विचारलं.

“तिची मुक्कामी गाडी असते ना.”

मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी खेड्यात जाते, रात्री तिथेच मुक्काम करते आणि सकाळी परत नाशिकला निघते ती एसटी. तिच्या गावाला जाणारी शेवटची गाडी तीच.

“दर वेळी जाते?”

“दर संध्याकाळी. कधी पप्पा पिकअप घेऊन आले तर थांबते, नाहीतर जाते. तुला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या अर्ध्यात आमच्या टीमने त्या कच्च्या टीमवर धडाधड गोल चढवले. प्रत्येक गोलाला मैदानात असलेल्या सगळ्या जणींना धन एक. पाच नंबर तेव्हा एसटीत दांडीला धरून उभी असणार. आणि त्याच अर्ध्यात माझ्या मुलीला तीन-चार वेळा जमिनीवर अंग टाकावं लागलं, इतक्या कच्च्या टीमपुढेही. घरी येताना ती गुडघ्याची माती झाडत म्हणाली, “पाच नंबर असली ना, की मला कंटाळा येतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही कामच उरत नाही. नुसतं उभं राहायचं.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तास नव्हता तेव्हा स्टाफरूममध्ये बसून मी सगळं नव्याने मांडलं. आता एकेक गोष्ट सुटी होत गेली. मुंबई-पुण्याच्या तगड्या टीम रविवारी सकाळी यायच्या, कारण त्यांना दुपारी परत जायचं असायचं. मुक्कामी गाडीने पाच नंबर त्या सकाळी वेळेत पोचायची आणि पूर्ण मॅच खेळायची. म्हणजे जिथे मार खायचा तिथे ती शेवटपर्यंत हजर. शहरातल्या कच्च्या टीम शाळा सुटल्यावर संध्याकाळी यायच्या. तिथे ती निम्म्यातच निघून जायची आणि गोलांची लूट मागे राहिलेल्या वाटून घ्यायच्या. माझा तक्ता तिचा खेळ मोजतच नव्हता. तो एसटीचं वेळापत्रक मोजत होता.

आणि मग मला हसू आलं, कारण तीच एसटी माझ्या उपयोगाची होती. कोच खेळाडूला बाहेर काढतो तेव्हा काहीतरी बघून काढतो. ती थकली, चुकली, टीम जिंकतेय, टीम हरतेय. त्यामुळे आधीची आणि नंतरची तुलना गढूळ होते. पण एसटीच्या ड्रायव्हरला स्कोअर माहीत नसतो. तो आपल्या वेळेला गाडी काढतो. म्हणजे पाच नंबरचं मैदानातून जाणं खेळावर अवलंबून नव्हतं. तेच मैदान, तीच समोरची टीम, तोच दिवस. फक्त ती असण्याचा आणि नसण्याचा फरक. दुसऱ्या अर्ध्यात सगळ्याच थकतात, ही शंका मीच काढली. म्हणून वडील पिकअप घेऊन आले होते त्या संध्याकाळी वेगळ्या काढून बघितल्या. त्या दिवशी ती थांबली होती, आणि त्या दिवशी दुसऱ्या अर्ध्यातही आमच्या गोलकडे फारसं कुणी फिरकलं नव्हतं. मॅच थोड्या होत्या, मी छातीठोक काही म्हणणार नाही. पण पोर ऋण नव्हती. कुठल्याही बाजूने मांडलं तरी नव्हती.

गुरुवारी सकाळी मी सरांना मैदानावर गाठलं. ते सरावासाठी प्लास्टिकचे कोन मांडत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातला कोन खाली ठेवला.

“मॅडम, आकडा तुम्हीच दिला. आता तुम्हीच म्हणता खोटा.”

“आकडा खोटा नाही. बेरीज बरोबर आहे. मी चुकीच्या गोष्टीची बेरीज केली.”

“हां, म्हणजे खोटाच ना.” ते चिडले होते. “उद्या परत काहीतरी तिसरं काढाल. तिच्या बापाने द्राक्षं आणली, तुम्हाला वाईट वाटलं. मला पण वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून टीम नाही बनत.”

हे मला झोंबलं. झोंबलं कारण त्यात थोडं तथ्य होतं. द्राक्षं आली नसती तर मी रजा टाकली नसती. मी म्हटलं, “सर, वाईट वाटलं म्हणून मी बघायला गेले, हे खरं. पण जे दिसलं ते वाईट वाटल्यामुळे दिसलं नाही. तुमच्या कागदावर दर वेळी ‘बाहेर’ लिहिलंय. तिला तुम्ही एकदा तरी बाहेर काढलंत का? तुमच्या मनाने?”

त्यांनी मैदानाकडे बघितलं. “नाही,” ते हळू म्हणाले. “काढायची वेळच नाही आली. ती जाते.”

“मग तुमचं कधी मत झालं की ती वाईट खेळते? तक्त्याच्या आधी की नंतर?”

माझी मुलगी तिथेच हातमोजे चढवत होती. सरांनी तिला हाक मारली. “ए गोली, इकडे ये. पाच नंबर असली की तुला काय फरक पडतो?”

“कंटाळा येतो, सर,” ती म्हणाली.

सर असे मोठ्याने हसले की पलीकडच्या रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायला लागला. “तीस साल बॉल खेळलो,” ते म्हणाले, “याच्यापेक्षा चांगलं सर्टिफिकेट नाही ऐकलं स्टॉपरचं.” त्यांनी फोन काढला आणि माझ्यासमोर यादी दुरुस्त करून पाठवली. मग म्हणाले, “आणि मॅडम, तो दुसरा तक्ता पण टाका ग्रुपवर. नाहीतर उद्या मला कुणीतरी विचारेल, ऋणवाली कशी गेली कोल्हापूरला.”

त्याच दुपारी मी नवा तक्ता टाकला. कशी तुलना केली ते दोन ओळींत लिहिलं. या वेळी सगळ्या जणी धन रकान्यात होत्या आणि पाच नंबर बऱ्यापैकी वर होती. ऋण रकाना रिकामा राहिला म्हणून मी तो काढूनच टाकला. मला बरं वाटत होतं, स्वतःवर खूशच होते मी. रात्री दूध तापायला ठेवलं तेवढ्यात फोन आला. पाच नंबरचे वडील.

“मॅडम, एक विचारायचं होतं,” ते म्हणाले. आवाज पडलेला होता. “नाव आलं यादीत, सरांचा फोन आला होता. बरं वाटलं. पण तो नवा तक्ता बघितला मी. मागल्या खेपेला पोरीपुढं ऋण लिहिलेलं होतं. या खेपेला ते काढून टाकलं. सगळ्यांसारखं धन लिहिलं. आमच्याकडून काय चुकलं का?”

मी गॅस बंद केला. धन म्हणजे काय, ऋण म्हणजे काय, शून्याच्या या बाजूला कोण आणि त्या बाजूला कोण, हे मी हजारो पोरांना फळ्यावर शिकवलंय. तोंड उघडलं की दोन मिनिटांत समजावून झालं असतं. त्या माणसाला मग हेही समजलं असतं की द्राक्षं त्याने कशाबद्दल वाटली होती. पोरीने ते इतके दिवस झाकून धरलं होतं.

“नाही हो भाऊ,” मी म्हटलं. “तुमचं काही चुकलं नाही. चूक माझीच झाली, घाईत लिहिलं. ऋण आहेच. ते काही काढलेलं नाही.”

“हाय ना?”

“आहे. टीमवर तिचं ऋण आहे. परत लिहून पाठवते.”

“मग ठीक हाय,” ते म्हणाले, आणि लगेच आवाज मोठा करून कुणाला तरी सांगितलं, “ऐकलं का गं, हाय म्हणताहेत मॅडम.”

फोन स्पीकरवर असणार. मागून पोर खुदकन हसली, आणि मग तिला हसू आवरेचना. इतक्या दिवसांत मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. तिला दोन्ही अर्थ येत होते.